पुढची ओळ फाटकाबाहेर

पायांनी कविता करणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा भाऊ निघाला. हे मी कौतुकाने सांगतो आहे की तक्रारीने, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. लोकांचे मेहुणे नोकऱ्या करतात, शेती करतात, फार तर उसनी सायकल परत करत नाहीत. आमचे मेहुणे चालायचे. चालता चालता बोलायचे, आणि जे बोलायचे त्याला यमक असायचं. उभे राहिले की यमक बंद, शब्दही बंद. खाली बसले की तेच. झोपेत मात्र पाय हलवत चार-चार ओळी पुटपुटायचे, असं माझ्या सासूबाई सांगत. काही वर्षांपूर्वी, मेहुणे अजून चालत होते तेव्हा, माझ्या नातवाने कुठल्याशा मोबाइलवर एक पोरगा दाखवला. तो मंचावर इकडून तिकडे फिरत भराभरा यमकं फेकत होता. नातू म्हणाला, "आजोबा, याला रॅप म्हणतात." मी म्हणालो, बाळा, हे आमच्या घरात कधीच येऊन गेलं, फक्त त्याला तेव्हा नाव नव्हतं. मेहुण्यांच्या कानावर हे घातलं तर ते म्हणाले, "म्हनू द्या काईबी. मी शाहीर नाई अन् गवई नाई. मी रस्त्यानं जाऊन राह्यलो अन् तोंड संगं येऊन राह्यलं, एवढंच."

मी मेहकरला शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो आणि माझी सासुरवाडी डोणगावची. सासऱ्यांचा विहिरीवर भाजीपाल्याचा मळा होता. मेहुणे घरातलं शेंडेफळ. लहानपणी शाळेत कविता म्हणायला उभं केलं की त्यांचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. गुरुजींनी छड्या मारल्या, ओणवं केलं, शेवटी कंटाळून वर्गाबाहेर काढलं. मेहुणे व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले आणि बाहेरून सबंध कविता ऐकू आली, वर दोन कडवी जास्तीची. ती दोन कडवी खुद्द गुरुजींवर असल्यामुळे त्यांना पुन्हा आत घेऊन छड्या देण्यात आल्या. पण गुरुजी न्यायी होते. चौथीची तोंडी परीक्षा त्यांनी मेहुण्यांना मैदानाभोवती चालवत घेतली, आणि स्वतः डोक्यावर छत्री धरून त्यांच्याबरोबर चालले. सात फेऱ्यांत मेहुणे पास झाले. गुरुजी त्यानंतर दोन दिवस रजेवर होते.

पुढे शिक्षण थांबलं आणि मेहुण्यांच्या डोक्यावर भाजीची टोपली आली. बाजारात बाकीचे लोक जागा धरून बसत. मेहुण्यांना बसून चालणार नव्हतं, म्हणून ते टोपली डोक्यावर घेऊन सगळ्या बाजारभर फिरत. एका हाताने टोपली सावरायची, दुसऱ्या हाताने कमरेला बांधलेला वनस्पती तुपाचा रिकामा डबा वाजवायचा आणि त्या ठेक्यावर वांग्याचं वर्णन करायचं. वांगी तासाभरात संपत, पण बोलणं संपत नसे. मग ते शेजारणीच्या मेथीबद्दल बोलत, तिची मेथी संपली की पलीकडच्याच्या दोरखंडाबद्दल. हळूहळू लोक त्यांना मुद्दाम बोलावू लागले. मोबदल्यात कोणी फळं देई, कोणी चपला शिवून देई. चपला तर लागतच. इतर कवींच्या वह्या भरत, आमच्या कवीचे तळवे झिजत. एका मालकाने त्यांना कायमचं आपल्या दुकानावर ठेवून घ्यायचं ठरवलं, पण दुकानात चालायला साडेचार पावलांचीच जागा होती. मेहुण्यांनी दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी सांगून आले की या दुकानात अर्धीच ओळ मावते. त्यानंतर त्यांनी जन्मभर कोणाची चाकरी केली नाही.

त्यांच्या या कलेचा पहिला तडाखा मला बसला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासरी रुसलो होतो. घड्याळ कबूल केलं होतं आणि छत्री दिली. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि जावई होतो. मी जेवणार नाही म्हणून माडीवर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी डोणगावचा बाजार. माडीच्या खिडकीखालून डब्याचा ठेका ऐकू आला आणि पाठोपाठ हे आलं:

"वांगं घ्या हो वांगं, याचा देठ पाहा हिरवा,
रुसलेला जावाई याच्या भाजीनं फिरवा;
तेल टाका पळीभर अन् मीठ टाका बेतानं,
खाली येते जावाई मंग आपल्या पायानं, हेतानं."

मी खिडकी लावून घेतली. पाच मिनिटांनी तोच ठेका उलट्या दिशेने आला. तिसऱ्या खेपेला बाजारातल्या बायका खाली उभ्या राहून माडीकडे बघत होत्या. चौथ्या खेपेची वाट न पाहता मी खाली उतरलो आणि दोन वेळा वाढून घेऊन वांग्याची भाजी खाल्ली. ती छत्री मी पुढे बारा वर्षं वापरली.

एका निवडणुकीत दोन उमेदवारांनी मेहुण्यांना एकाच दिवशी बोलावलं. एकाची निशाणी शिडी, दुसऱ्याची कंदील. मेहुण्यांना नाही म्हणता यायचं नाही, कारण नाही म्हणायला थांबावं लागतं. त्यांनी रस्ता वाटून घेतला. जाताना शिडी, येताना कंदील. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिडीची इतकी स्तुती की लोकांना वाटावं, हा माणूस शिडीवरच जन्मला. मारुतीला वळसा घालून माघारी फिरले की त्याच तोंडाने कंदील. मधल्या घरांतल्या लोकांनी दोन्ही ऐकलं. मतदान झालं तेव्हा शिडीही पडली आणि कंदीलही विझला. तिसराच एक गप्प बसलेला माणूस निवडून आला. दोघे पडलेले उमेदवार मेहुण्यांना जाब विचारायला आले, पण ते आपापसातच भांडत बसले आणि मेहुणे मेहकरच्या बाजाराला निघून गेले.

अशा माणसाचं लग्न जमवणं हे काम सासूबाईंनी माझ्यावर टाकलं. मेहुणे बाजार करत, वाटेत मुक्काम करत, पार धाड गावापर्यंत जायचे. तिथे एका कांदेवाल्या बागाईतदाराची मुलगी त्यांच्या मनात भरली होती. आम्ही रीतसर पाहायला गेलो. सतरंजीवर बसलो, पोहे आले. मुलीच्या वडिलांनी मेहुण्यांना नाव विचारलं. मेहुणे गप्प. गाव विचारलं. गप्प. वय विचारलं तेव्हा मेहुण्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला स्वतःचं वय आठवेना. शेवटी मीच म्हणालो, मामा, परवानगी असेल तर याला जरा अंगणात फिरू द्या. अंगणात कांद्याचा ढीग होता. मेहुण्यांनी ढिगाला पहिली फेरी घालताना नाव सांगितलं, दुसऱ्या फेरीत गाव, तिसरीत मळा, विहीर आणि आईचा स्वभाव, आणि चौथ्या फेरीत कांद्यांबद्दल असं काही बोलले की दाराआडून हसण्याचा आवाज आला. मुलगी राजी होती. तिचा बापही माणूस चांगला, पण कांदे विकणारा. वरचं साल काढून पाहणारा.

तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, पोरगं गोड हाये. पन हा चालता मानूस. आज इथं, उद्या चिखलीले. एका जागी उभं राहून चार शब्द बोलता येत नाई त्याले, तं पोरीसंगं एका घरात कसा राहीन? एकडाव उभं राहून बोललेलं दाखवा मले. मंग पोरगी तुमची."

आम्ही पोहे खाऊन परत आलो. आणि पंधरा दिवसांत मेहकरच्या स्टँडवर मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाची जीप बंद पडली. साहेब चहा पीत बसला असताना समोरून मेहुणे डबा वाजवत गेले. साहेब अर्धा कप टाकून त्यांच्या मागे धावला. पुढे पत्र आलं, की अमुक दिवशी मुंबईला यावं, आपल्या आवाजाची तबकडी काढायची आहे, वाद्यं इथे आहेत, तरी डबा आणू नये. सासूबाईंनी हे पत्र सगळ्या गावाला वाचायला लावलं आणि धाडलाही निरोप पाठवला. कांदेवाला खूश झाला. रेकॉर्ड हे उभ्या माणसाचं काम, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने कळवलं, रेकॉर्ड आली की ऐकायला येतो, आणि ऐकलं की तिथेच सुपारी फोडू.

मेहुणे निघाले त्या दिवशी डोणगावच्या स्टँडवर सबंध गाव. गळ्यात इतके हार की एस.टी.च्या दारातून मेहुणे आत गेले आणि हार बाहेर राहिले. बसच्या तोंडावर नारळ फुटला, ड्रायव्हरला कुंकू लावलं, आणि कंडक्टर ओळखीचा निघाल्याने त्याच्याही गळ्यात एक हार पडला. वाटेत मेहकरला उतरून मेहुण्यांनी आपला डबा माझ्या बायकोच्या हवाली केला. "अक्का, जपून ठेव," बसकडे परत जाता जाता एवढंच म्हणाले. बायकोने तो डबा फळीवर ठेवला आणि आठ दिवस त्यात काही भरलं नाही. घरात डब्यांची टंचाई होती, म्हणून सांगतो.

मुंबईत काय झालं ते मला नंतर कळलं. पडदे लावलेली खोली, खाली जाड गालिचा, वरून लोंबणारा माइक आणि खाली खडूची एक रेघ. साहेब म्हणाला, इथे उभं राहायचं, रेघेच्या पुढे-मागे सरकायचं नाही. मेहुणे उभे राहिले. तबलेवाल्याने ठेका धरला. मेहुणे उभेच. तासाभराने साहेबाने जागच्या जागी पाय हलवायची मुभा दिली. मेहुण्यांनी पाय हलवले तर ओळही जागच्या जागी येऊ लागली. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ. मग साहेबाने रेघ पुसली आणि माइकभोवती चालायला सांगितलं, पण गालिच्यात पाऊल वाजेना, आणि पावलाचा आवाज नसला की मेहुण्यांना पुढचा शब्द सापडत नसे. साहेब भला होता. त्याने परतीचं तिकीट काढून दिलं, हात जोडले आणि म्हणाला की आपण रस्त्यावरच फार चांगले. खोलीच्या दाराबाहेर पडल्याबरोबर मेहुण्यांना जिन्यातच सोळा ओळी सुचल्या. त्या ऐकायला जिन्यात कोणी नव्हतं.

इकडे त्यांनी काहीच कळवलं नाही, आणि आमच्याकडे वाईट बातमीला पाय असतात असं मानतात. बातमी आली नाही म्हणजे काम फत्ते. मेहुणे पुढच्या बाजाराला परतायचे होते, म्हणून गावच्या भोंगेवाल्याने डोणगावात त्या दिवशी मांडव घातला, लिंबाच्या झाडाला दोन भोंगे बांधले, टेबलावर रेकॉर्डचं यंत्र मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं. धाडचा कांदेवाला बायको, मुलगी आणि सुपारी घेऊन आदल्या दिवशीच येऊन राहिला. आणि त्या बाजाराच्या दिवशी सकाळी आमचे मेहुणे मेहकरलाच बसमधून उतरून माझ्या ओट्यावर येऊन बसले. बसले म्हणजे बोलणं नाही. मी त्यांना अंगणात सात-आठ चकरा मारायला लावल्या, तेव्हा ही सगळी कथा बाहेर आली. त्या दिवशी तिला यमक नव्हतं. ते नव्हतं म्हणूनच मी घाबरलो.

चकरा मारता मारता ते एकदम म्हणाले, "भाऊजी, तुमी चित्राचे मास्तर हाये. मले एक रेकॉर्ड काढून द्या."

कोणत्याही शहाण्या माणसाने यावर त्यांना चार गोष्टी ऐकवल्या असत्या. मी मात्र कलावंत. काळा जाड पुठ्ठा काढला, कंपासने वर्तुळ मारलं, त्यावर एकात एक बारीक रेघा ओढल्या, मधोमध लाल वर्तुळात मेहुण्यांचं नाव सोनेरी रंगात लिहिलं. अशी सुबक तबकडी झाली की मी स्वतःच ती फुंकर मारून पुसली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत असताना बायको चहा घेऊन आली. तिने तबकडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ही यंत्रावर ठेवल्यावर वाजणार कशी? एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यात आली नव्हती. रंग अजून ओला होता, एवढंच मी म्हणू शकलो.

तरी ती तबकडी मी सायकलच्या पिशवीत घातली. मेहुणे म्हणाले, बसने नको, पायी जाऊ, तेवढाच उशीर. दहा-बारा मैलांची वाट. गावाबाहेर पडलो तरी मेहुण्यांच्या तोंडून शब्द नाही. पाय चालताहेत आणि तोंड बंद, असं मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मागून हाक आली. माझी बायको, पदर खोचलेला, हातात तो डबा. धापा टाकत ती भावाजवळ आली आणि म्हणाली, "हा घेऊन जा. घरात जागा अडवून राह्यला." आणि डोळे पुसत परत फिरली. मेहुण्यांनी डबा कमरेला बांधला. एक फर्लांग नुसती बोटं वाजली. मग रस्त्याकडेच्या तुरीकडे बघत ते हळूच बोलू लागले:

"मुंबईच्या खोलीमंधी गालिचा होता लाल,
साहेब म्हने उभा राह्य, अन् थांबली माही चाल;
रेघ होती खडूची ती, ओलांडाची मनाई,
पाय थांबले, बोल थांबले, रेकॉर्ड झाली नाई."

पुढे मग धरण फुटल्यासारखं झालं. मुंबई, साहेब, तबलेवाला, परतीच्या गाडीतली म्हातारी, सगळे त्या रस्त्याने आमच्यासोबत चालू लागले. बाजाराला निघालेले लोक आधी पुढे निघून जात, मग ऐकायला थांबत, मग आमच्यामागून येत. बैलगाड्यांनी वेग कमी केला. एक बकऱ्यावाला आपल्या बकऱ्या विसरला आणि बकऱ्याच त्याला शोधत आमच्यात आल्या. मी सायकल ढकलत इतका हसलो की डोणगाव दिसेपर्यंत माझ्या पिशवीत काय आहे याचा मला विसर पडला होता.

मांडवात पोचलो आणि सगळं पालटलं. लोकांनी मेहुण्यांना उचलून मंचावर नेलं, हार घातले, डबा सोडवून टेबलाखाली ठेवला आणि माइकसमोर उभं केलं. आणि मेहुणे उभे राहिले. म्हणजे संपलं. समोर हजारभर माणूस, पुढच्या रांगेत धाडचा कांदेवाला, बायकांच्या बाजूला त्याची मुलगी. भोंगेवाला रेकॉर्ड द्या, रेकॉर्ड द्या म्हणत हात पुढे करून उभा. मेहुण्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. रस्त्यावर ज्या माणसाने बकऱ्यांना नादावलं त्याच्या तोंडून साधा हुंकार निघेना. माझा हात पिशवीत गेला. खरं सांगतो, त्या क्षणी ती पुठ्ठ्याची तबकडी मी काढणार होतो. निदान यंत्र बिघडलंय असं तरी म्हणता आलं असतं.

पण सासूबाई उठल्या. चारचौघांत कधी आवाज न चढवणारी बाई. त्या मंचाजवळ गेल्या, टेबलाखालचा डबा काढला, मुलाच्या पायाशी ठेवला आणि म्हणाल्या, "उतर खाली बापा. चालाले लाग."

मेहुणे उतरले. डबा वाजला. मांडवातून वाट झाली आणि ते बाजारात शिरले, भाजीच्या रांगेतून, कापडाच्या रांगेतून, मिरच्यांच्या ढिगांमधून, आणि मागे सगळं डोणगाव. आपण कसे हरलो हे मेहुणे पहिल्यापासून सांगत होते, आणि लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. खडूच्या रेघेपाशी आले तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. बाजाराला पूर्ण वेढा घालून मेहुणे परत मांडवात आले, ते थेट धाडच्या कांदेवाल्यासमोर. तिथे त्यांनी डब्यावरचा हात काढला. पाय जुळवले. चांगले मिनिटभर उभे होते. आम्हाला वाटलं, गेलं. आणि मग जन्मात पहिल्यांदा, उभ्या उभ्या, यमकाशिवाय, ते बोलले. "मामा, रेकॉर्ड नाई झाली. मले उभं राहून जमत नाई."

कांदेवाल्याने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बायकांच्या बाजूला पाहिलं. मुलीने मान हलवली ती मलाही दिसली. तो म्हणाला, "आता उभं राहूनच बोलला ना बे? मंग झालं." आणि खिशातून सुपारी काढली.

लग्न धाडला झालं. सप्तपदीला मेहुण्यांच्या पायांना सात पावलं मिळाली, मग ते कशाला ऐकतात? पहिल्या पावलापासून उखाणा सुरू. पण मेहुण्यांनी उखाण्यात कांदा, मळा, एस.टी. आणि सासरे असं सगळं घेतल्यामुळे सातवं पाऊल संपलं तरी बायकोचं नाव आलं नव्हतं. म्हणून त्यांनी आठवं पाऊल टाकलं आणि त्यावर नाव घेतलं. भटजी म्हणाले, असं शास्त्रात नाही. नवरी म्हणाली, राहू द्या. तेव्हापासून आमच्या या वहिनी कोणी काही विचारलं तर सांगतात, माझं लग्न आठ पावलांचं आहे, एक पाऊल जास्तीचं. ती पुठ्ठ्याची तबकडी मी आहेरात दिली. त्यांनी ती समोरच्या भिंतीवर लावली. पाहुणे विचारत, वाजवून दाखवा. वहिनी म्हणत, बाजाराच्या दिवशी या, ती पायांनी वाजते.

मेहुणे पुढे कितीतरी वर्षं बाजार फिरले. नंतर जीपगाड्या आल्या, त्यांच्यावर भोंगे आले, एकदा भरलेला आवाज दिवसभर तोच ओरडू लागला. एका व्यापाऱ्याने मेहुण्यांना जीपमध्ये बसवून नेलं. मेहुणे बसून होते, जीप चालत होती. परत आल्यावर मला म्हणाले की चाकं दुसऱ्याची असली की बोल बी दुसऱ्याचे येतात. पुन्हा जीपमध्ये बसले नाहीत. बाजारात ऐकणारे कमी झाले, पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर करायलाही थांबावं लागतं.

मग गुडघे गेले. ज्या माणसाच्या पायांत सगळं होतं त्याचे नेमके पायच जावेत, याचा मला राग आला होता, अजून आहे. मेहुणे ओसरीतल्या खाटेवर बसून असत. बसले म्हणजे गप्प. वहिनी एकट्याच दोघांच्या वाटचं बोलत. मी महिन्या-दोन महिन्यांनी डोणगावला जाई. एका खेपेला गेलो तेव्हा पाहिलं, चादरीखाली पावलं हलत होती, एक-दोन-तीन-चार. मी म्हणालो, ऊठ. मी स्वतः ऐंशीचा, काठीवर. तो माझ्या खांद्यावर, मी काठीवर, आणि मागे वहिनी दोघांना शिव्या देत. खाटेपासून अंगणातल्या लिंबापर्यंत अकरा पावलं. सहाव्या पावलाला त्याचा श्वास बदलला, आठव्याला ओठ हलले. लिंबापाशी आलो तेव्हा त्याने बुंध्यावर बोटांनी ठेका धरला आणि बोलला:

"लिंबापासून फाटकापर्यंत वाट राह्यली थोडी,"

आणि थांबला. पायांनी पुढे जायचं नाकारलं. मी म्हणालो, पुढे? ओळ अर्धी ठेवू नकोस. तो हसला. दात नव्हते, पण हसणं तेच होतं, माडीच्या खिडकीखालचं. म्हणाला, "पुढची ओळ फाटकाच्या बाह्यर हाये, भाऊजी. उद्या जाऊ."

मला संध्याकाळच्या बसने परतायचं होतं. मी परतलो. त्याचा उद्या उजाडलाच नाही.

आता मी डोणगावला जातो तेव्हा वहिनी चहा देतात. तबकडी भिंतीवर आहे, सोनेरी नाव पुसट झालंय, तिला पुन्हा रंग द्यायचं माझ्या मनात येतं आणि हात होत नाही. डबा खाटेखाली आहे. घरात डब्यांची टंचाई असूनही वहिनींनी त्यात काही भरलेलं नाही. मला त्याची फार आठवण येते. निघताना मी लिंबापासून फाटकापर्यंत मुद्दाम हळू चालतो आणि फाटकाबाहेर पडल्यावर थोडा वेळ कान देतो. मी चित्राचा मास्तर, मला कुठली ओळ सुचायची. पण स्टँडपर्यंत जाताना माझी पावलं चार-चारच्या ठेक्यात पडत राहतात, आणि बस आली तरी मला लगेच थांबता येत नाही.